बाल्कनीतली बिअर आणि माझी साखर

ज्यांच्या फ्रिजच्या दारात, अंड्यांच्या शेजारी, नुकतीच इन्सुलिनची पेनं येऊन बसली आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही, त्यामुळे औषधांबद्दल काही सांगणार नाही. ते तुमचे डॉक्टर सांगतीलच. तुम्ही फक्त त्यांना सगळं खरं सांगा. हे एवढंसं वाक्य आमच्या घराला फार उशिरा कळलं.

मी फार बोलणाऱ्यांपैकी नाही. शाळा इंग्रजी माध्यमाची, त्यामुळे आकडे आणि घाबरल्यावर तोंडातून निघणारी वाक्यं अजूनही इंग्रजीत येतात. पण हा आजार मला घरात झाला आणि आमच्या घरात मराठी बोलतात, म्हणून मराठीत लिहिते आहे.

बाबांचं मशीन

त्या उन्हाळ्यात माझं वजन भराभर उतरत होतं. हडपसरच्या ऑफिसात मुली विचारायच्या, "केतकी, कुठलं डाएट करतेस, सांग ना." आईने माझे ड्रेस आनंदाने टेलरकडे नेऊन आत घ्यायला लावले. तिच्या डोक्यात तेव्हा माझ्या लग्नाचं चालू होतं, आणि बारीक मुलगी ही तिच्या दृष्टीने चांगलीच बातमी होती. मला मात्र सारखी तहान लागायची. कोथरूडहून हडपसरला बसने जाताना वाटेत बाथरूमला जावं लागेल या धास्तीने मी पाणी प्यायचं नाही असं ठरवायचे. स्वारगेट येईपर्यंत बाटली रिकामी झालेली असायची.

बाबांना बऱ्याच वर्षांपासून डायबेटिस आहे, गोळ्यांवर. एका रविवारी सकाळी ते डायनिंग टेबलावर आपली साखर तपासत होते आणि मी त्यांच्यासमोर उभी राहून तांब्यानेच पाणी पीत होते. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"किती पाणी पिऊन राहिली तू? बस इथे. बोट दे."

बाबा मूळचे वर्ध्याचे. सगळी नोकरी पुण्यात केली, पण काळजी वाटली की त्यांची मराठी वर्ध्याला परत जाते.

मशीनवर आकडा आलाच नाही. साखर फारच वाढलेली असली की ते मशीन आकडा देणं सोडून देतं, हे आम्हाला तेव्हा माहीत नव्हतं. बाबांना वाटलं, बिघडलं. त्यांनी माझं दुसरं बोट टोचलं. पुन्हा तेच. मग त्यांनी नवी पट्टी घालून स्वतःचं बोट टोचलं. त्यांचा आकडा व्यवस्थित आला, अगदी डॉक्टर शाबासकी देतील असा. म्हणजे मशीन ठीक होतं.

बाबा त्या आकड्याकडे बघत राहिले. स्वतःची साखर चांगली आली म्हणून एवढं उतरलेलं तोंड मी दुसऱ्या कुणाचं पाहिलेलं नाही.

एक प्रश्न

हॉस्पिटलमधले पहिले दिवस मला तुकड्यातुकड्यांनी आठवतात. सलाईनचा स्टँड, फिनाईलचा वास, बोटांच्या टोकांवर बारीक काळे ठिपके. एक सिस्टर होत्या, त्या "टोचते हं" असं कधीच म्हणायच्या नाहीत. "आज नाश्त्याला काय दिलं गं?" असं विचारायच्या, आणि मी "उप..." म्हणेपर्यंत टोचून झालेलं असायचं. "...मा," मी वाक्य पूर्ण करायचे. त्या म्हणायच्या, "पळीवाढा होता ना? मलाही तोच मिळाला." त्यांच्याइतकी हलक्या हाताची माणसं आजारपणात भेटावीत.

स्वतःचं पहिलं इंजेक्शन मी स्वतः घ्यायचं होतं. पडदा ओढून, पोटाची चिमूट धरून, पेन हातात घेऊन मी कितीतरी वेळ नुसती बसून होते. पडद्याखालून बाबांच्या चपला दिसत होत्या. त्या हलत नव्हत्या. शेवटी त्या चपलांची दया येऊन मी टोचून घेतलं.

डॉक्टर बाईंनी समजावून सांगितलं: माझा डायबेटिस टाइप वन, बाबांचा टाइप टू. नाव एकच, पण आजार वेगळा. माझ्या शरीराने इन्सुलिन बनवणंच जवळजवळ थांबवलं आहे, त्यामुळे ते आता बाहेरून, रोज, कायम.

"म्हणजे माझ्याकडून नाही आला तिला?" बाबांनी विचारलं.

"नाही. तुमच्याकडून नाही."

दोन मिनिटांनी त्यांनी तोच प्रश्न शब्द बदलून पुन्हा विचारला.

मग डॉक्टर माझी माहिती भरून घेऊ लागल्या. झोप, पाळी, कामाच्या वेळा. "स्मोकिंग? ड्रिंक्स?"

मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "छे, छे! आमच्याकडे नाही हो तसलं काही."

डॉक्टरांनी मान डोलावली आणि पुढच्या प्रश्नावर गेल्या. बाबा सलाईनकडे बघत होते. डायबेटिस होण्याआधी दर शनिवारी ते एक बिअर घ्यायचे, आणि ते आईला चांगलं माहीत होतं. मी चादरीची किनार बघत होते. दर शुक्रवारी ऑफिसच्या चौघांबरोबर मी एक बिअर घ्यायचे, आणि ते आईला अजिबात माहीत नव्हतं. आम्ही तिघांनी मिळून तो प्रश्न जाऊ दिला. त्याचं उत्तर खरं दिलं असतं तर डॉक्टरांनी त्याच दिवशी चार वाक्यं जास्त सांगितली असती.

टायफॉइड

घरी येताना रिक्षात आई म्हणाली, "सोसायटीत विचारतील. टायफॉइड झाला होता म्हणायचं."

"आई, पण..."

"लग्न व्हायचंय तुझं. एकदा नाव पडलं की पडलं."

बाबा समोर ड्रायव्हरच्या आरशात बघत होते.

टायफॉइडची बातमी चांगली पसरली. शेजाऱ्यांनी मोसंबीचा रस पाठवला, साबुदाण्याची खीर पाठवली, तिसऱ्या मजल्यावरच्या लिमये काकूंनी "ताकद येते" म्हणून शिऱ्याचा डबा आणून दिला. आई दारात हसून सगळं घ्यायची आणि दार लावून मोरीत ओतायची. एकदा मिक्सर बराच वेळ चालू राहिला म्हणून मी स्वयंपाकघरात गेले, तर भांडं रिकामं होतं आणि आई त्या आवाजाच्या आड रडत होती. मी पाय न वाजवता परत फिरले. आमच्या घरात एकमेकांना सांभाळण्याची हीच पद्धत आहे.

माझं सगळं जेवण आता आकड्यांत आलं होतं. पोळीत किती कार्ब्स, वाटीभर भातात किती, त्या हिशोबाने इन्सुलिन. जास्त झालं तरी भीती, कमी झालं तरी भीती. त्यात येणारा जाणारा सांगायचा, "गुळाला काही होत नाही", "खजूर तर नैसर्गिक आहे", "या चिवड्यात साखर घातलेलीच नाही". मी खाऊन तपासायचे आणि साखर चढलेली असायची. हळूहळू मी मनाशी ठरवलं की "यात साखर नाही" असं म्हणणाऱ्या कुणावरही विश्वास ठेवायचा नाही. सवय चांगलीच होती. तरी तिच्यामुळेच मी फसले.

शुक्रवार

मी पुन्हा कामावर जाऊ लागले, पण शुक्रवारी सरळ घरी यायचे. त्या एका बिअरचं मला खरं तर काही नव्हतं. पण आठवडाभर ज्यांच्याशी मी "मेल केलाय" याच्यापलीकडे बोलायचे नाही, त्यांच्याशी मी त्या टेबलावर बोलायचे. तिथे मी विनोदही करायचे, आणि लोक हसायचे. आता तिथे जाऊन सोडा मागवला तर कुणीतरी विचारणार, का? आणि टायफॉइड किती महिने चालवणार?

बाबांच्या लक्षात आलं. गॅलरीत दोरीवरचे कपडे काढताना त्यांनी हळूच विचारलं, "शुक्रवारी जात नाहीस आजकाल?"

"तुम्हाला कसं माहीत?"

"शुक्रवारी तू घरात शिरली की बडीशेपेचा वास यायचा. एवढी बडीशेप कोण खातं?"

मला हसू आलं. मग मी खरं सांगितलं: बिअरमध्ये कार्ब्स असतात, हिशोब जमत नाही, भीती वाटते.

बाबांनी मान डोलावली. पुढच्या आठवड्यात आमच्या ड्राय बाल्कनीत, वॉशिंग मशीनच्या शेजारी, एक पांढरं, झाकणाचं पिंप आलं.

पिंप

बाबा निवृत्त होईपर्यंत हडपसरला एका कंपनीच्या लॅबमध्ये होते. तिथे मक्याच्या स्टार्चपासून ग्लुकोजचा पाक बनायचा, बिस्किटवाल्यांना आणि गोळ्या-चॉकलेटवाल्यांना जायचा. स्टार्चच्या लांब साखळ्या तोडून त्यांची साधी साखर करणारं एक एन्झाइम असतं. बाबांची उभी नोकरी त्याच्याच संगतीत झाली.

"साध्या बिअरमध्ये काय होतं," त्यांनी मला समजावलं, "यीस्ट छोटी साखर खाते, मोठी सोडून देते. ती मोठी उरते, तेच तुझे कार्ब्स. आपण हे एन्झाइम टाकायचं. मोठीची छोटी झाली की यीस्ट सगळं सफाचट करते. आयुष्यभर याच एन्झाइमने साखर बनवली मी. आता त्यानेच घालवतो."

ते मला बिअर करून देत नव्हते, चुकीची दुरुस्ती करत होते. "माझ्याकडून नाही" हे डॉक्टरांनी दोनदा सांगूनही त्यांना पटलेलं नव्हतं, हे मला तेव्हा दिसलं. म्हणून मी नको म्हणू शकले नाही.

मोड आणून वाळवलेली बार्ली, हॉप्सची कडू फुलं, यीस्ट, सगळं कुरिअरने येत राहिलं. घरात गोड काढ्याचा वास सुटला. आईने पहिल्यांदा पिंपाचं झाकण उघडून पाहिलं तेव्हा वर फेस आला होता.

"हे काय आहे?"

"बिअर," बाबा म्हणाले. "डायबेटिसवाल्यांची."

आईने झाकण परत लावलं. "घरात दोन पेशंट कमी होते म्हणून आता हे आणलंत का? पोलीस आले तर मी सरळ सांगणार, हे यांचं आहे, मी फक्त कपडे धुते."

घरी अशी बिअर करणं कायद्यात कितपत बसतं, हे मला नीट माहीत नाही, त्यामुळे कृती विचारू नका.

मी विचारलं होतं, "आई, डॉक्टरांना एकदा विचारूया का? हे चालेल का म्हणून?"

"काय विचारणार? आमच्या घरी दारू बनते, मुलीला देऊ का? काय म्हणतील त्या! मागच्या वेळी मी छे छे म्हणून बसलेय."

तोही प्रश्न तिथेच राहिला.

बाबांकडे काचेचा एक हायड्रोमीटर होता. गोड पाण्यात तो उंच तरंगतो, साखर कमी होत गेली की खाली जातो. रोज सकाळी पेपरच्या आधी ते थोडी बिअर नळकांड्यात काढून तो सोडायचे. एके दिवशी हाक आली, "केतकी, ये, बघ! पाण्यापेक्षाही खाली गेला!" त्यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता. मलाही बरं वाटलं.

पण बाटल्या भरायच्या दिवशी मी दारात उभी होते, आणि बाबा प्रत्येक बाटलीत चमच्याने साखर घालत होते. पांढरी, डब्यातली, चहाची साखर.

"बाबा, हे काय?"

"फेस यायला पाहिजे ना. ही यीस्टची आहे, तुझी नाही. बाटलीतच खाऊन टाकते ती."

मी "बरं" म्हणाले. मनात म्हटलं, गूळ, खजूर, आणि आता हे.

रविवार

बाटल्या उघडायच्या दिवशी आईने चिकनचा रस्सा आणि भाकरी केली होती. बिअर तिला मान्य नव्हती, पण बिअरसोबत वरण-भात वाढणंही तिला पटलं नसावं. बाबांनी ओपनरने झाकण काढलं, फस्स झालं, आणि त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मला बाथरूममध्ये जायचं निमित्त काढावं लागलं.

आत जाऊन मी जेवणाचं इन्सुलिन घेतलं. आणि मग बाजारातल्या साध्या बिअरचे कार्ब्स धरून, दोन ग्लासांच्या हिशोबाने, वरचं इन्सुलिनही घेतलं. बाबांना सांगितलं असतं तर त्याचा अर्थ झाला असता, मला तुमच्यावर विश्वास नाही. म्हणून सांगितलं नाही.

बिअर कोरडी, हलकी, कडू होती. चांगली होती, अगदी खरंच. बाबा घोटाघोटाला विचारत होते, "कशी आहे?" आणि आई म्हणाली, "तिला गिळू तरी दे."

जेवून मी थोडी आडवी झाले. उठल्यावर आईने इस्त्रीचे कपडे आणि कोथिंबीर आणायला सांगितलं. मी स्कूटीची किल्ली उचलली तर बाबा म्हणाले, "प्यायलीस ना आज, चालत जा." ते बरोबरच होतं. पण साखर उतरली तर लगेच खायची ती माझी ग्लुकोजची पुडी स्कूटीच्या डिकीत असायची.

बाक

चौकापर्यंत मी ठीक होते. कोथिंबीर घेतली. मग पाठीवरून घाम उतरायला लागला. उकाडा नव्हता. ओठ बधिर झाले, जणू दाताच्या डॉक्टरकडून आले आहे. समोरच्या दुकानाची पाटी मला वाचता येत होती पण तिचा अर्थ लागत नव्हता. पाय माझे राहिले नाहीत, म्हणून जो बाक दिसला त्यावर मी बसले.

तो रसवंतीचा बाक होता.

आजारी पडल्यापासून या रसवंतीसमोरून जाताना मी तोंड फिरवून जायचे. आता तिच्यात बसले होते. चरकाला बांधलेले घुंगरू वाजत होते. हातभर अंतरावर उसाचा रस भांड्यात पडत होता. मला जे हवं होतं ते नेमकं तेच होतं, आणि ते मागण्याचे शब्द कुठे ठेवले आहेत ते मला सापडत नव्हते.

रसवंतीवाले जवळ आले. "काय देऊ ताई?" मग त्यांना वास आला असावा, कारण ते अर्धं पाऊल मागे सरले. "ताई, बरं वाटत नाही का?"

"आय ॲम फाइन," मी म्हणाले. "आय ॲम फाइन."

दोन कॉलेजची मुलं हसली. एक बाई आपल्या मुलीला घेऊन दुसऱ्या टेबलावर गेल्या. मला सगळं दिसत होतं, फक्त काचेपलीकडून दिसावं तसं. मला वाटलं, आता मी इथे पडेन, आणि हे लोक मला झोपू देतील, कारण प्यायलेल्या माणसाला झोपूच देतात. पहिल्यांदाच मला मरण्याची भीती स्पष्ट, शब्दांत वाटली. आणि तरीही तिच्या शेजारी दुसरी भीती तेवढीच मोठी होती: कुणी ओळखीचं भेटेल.

ते भेटलंच. लिमये काकू पिशवी घेऊन समोर उभ्या होत्या.

"केतकी? अगं, काय ही अवस्था?" त्या वाकल्या आणि त्यांचं नाक आकसलं. "भर रस्त्यात? तुझे आई-वडील एवढे साधे, आणि तू... ऊठ. घरी चल."

त्यांनी माझा दंड धरून ओढलं. उठले असते तर चार पावलांवर पडले असते, हे मला कसं कोण जाणे, पण पक्कं कळलं. मी बाकाची कड धरून ठेवली. जे वाक्य मी ऑफिसात, बसमध्ये, मैत्रिणींपाशी, कुठेच कधी म्हटलं नव्हतं, ते जिभेवर जड दगडासारखं आलं.

"मला डायबेटिस आहे. साखर द्या."

काकूंनी हात सोडला. मग वळून इतक्या जोरात ओरडल्या की घुंगरू थांबले. "अहो, बघत काय उभे राहिलात? रस द्या आधी! बर्फ नको, लिंबू नको, नुसता द्या!"

ग्लास त्यांनीच माझ्या तोंडाला लावला. अर्धा माझ्या कुर्त्यावर सांडला. दुसरा मी स्वतः धरला. हळूहळू पाटीचा अर्थ लागायला लागला: तिथे "ताजा, स्वच्छ, थंडगार" असं लिहिलं होतं. हात थरथरत होते, पण ते माझे हात होते.

मी जरा माणसात आल्यावर काकूंनी पदराने माझी हनुवटी पुसली आणि म्हणाल्या, "डायबेटिस आहे, तर बिअर कशाला ढोसायची?"

"लो कार्ब होती, काकू."

"हो का? दिसलं ते."

दार

काकू मला घेऊन वर आल्या. आईने दार उघडलं. माझे रसाने भिजलेले कपडे, पांढरं तोंड, आणि शेजारी लिमये काकू. एवढं पाहून आईची सगळी भीती तिच्या चेहऱ्यावर आली.

काकूंनी चपला काढल्या नाहीत. दारातूनच, नेहमीच्या कोरड्या आवाजात म्हणाल्या, "तुमच्या मुलीबद्दल आज मला दोन गोष्टी कळल्या. त्यातली कुठली विसरू, तेवढं सांगा."

आई माझ्याकडे बघत होती. तिच्या हाताला पोळीची कणीक होती. मला वाटलं, ती आता "टायफॉइडनंतरचा अशक्तपणा" म्हणेल.

"बिअरचं विसरा," आई म्हणाली. "दुसरं विसरू नका. आणि कुणी विचारलं तर सांगा. ती कुठे अशी बसलेली दिसली तर काय द्यायचं, तेही सांगा." मग तिचा आवाज फुटला. "तुम्ही दिलेला शिरा मी ओतून दिला हो."

"कळलं होतं मला," काकू म्हणाल्या. "डबा फारच लवकर परत आला." आणि त्या जिना चढून गेल्या.

बाबांनी माझं बोट टोचलं. आकडा आला, अजून कमी होता पण आला. मग त्यांनी विचारलं आणि मी सांगितलं, की बिअरसाठी वेगळं इन्सुलिन घेतलं होतं.

"पण त्यात साखर नव्हती."

"मला वाटलं असेल. तुम्ही बाटलीत घालताना मी पाहिलं होतं."

बाबा खुर्चीवर बसले. "म्हणजे बिअर बरोबर झाली होती," ते हळूच म्हणाले. एवढी कष्टाची गोष्ट साधली म्हणून कुणी इतकं घाबरलेलं मी पाहिलं नव्हतं. थोड्या वेळाने ते उठून बाल्कनीत गेले. पिंप उलटं करून धुतल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

तोच प्रश्न

पुढच्या तपासणीला आम्ही तिघं गेलो. डॉक्टरांनी माझे आकडे पाहिले आणि त्या रविवारच्या आकड्यावर बोट ठेवलं. "हे काय झालं?"

आईने तोंड उघडलं, मिटलं, आणि माझ्याकडे पाहिलं.

"बिअर प्यायले होते," मी म्हणाले. "बाबा घरी करतात."

"बाल्कनीत," आई म्हणाली. "वॉशिंग मशीनच्या शेजारी."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मला वाटलं आता रागावतील. त्या म्हणाल्या, "हे मला पहिल्या दिवशी कळायला हवं होतं. मग मी सांगितलं असतं." आणि त्यांनी ती चार वाक्यं सांगितली. दारू पोटात गेली की लिव्हर तिच्या मागे लागतं, आणि एरवी गरजेला रक्तात साखर सोडायचं त्याचं काम मागे पडतं. म्हणून साखर नंतर, कितीतरी वेळाने उतरते. इन्सुलिन घेणाऱ्याला हे जास्त धोक्याचं. बिअरमध्ये कार्ब्स नाहीत म्हणजे ती सुरक्षित, असं नाही. मग माझ्यासाठी काय आणि किती ते त्यांनी सांगितलं. ते इथे लिहीत नाही, कारण ते फक्त माझ्यासाठी आहे. तुम्ही तुमच्या डॉक्टरांना विचारा. लाजू नका. त्यांनी आमच्या बाल्कनीपेक्षा बरंच काही ऐकलेलं असतं.

आम्ही उठलो, पण बाबा बसूनच राहिले. त्यांनी शाळेतल्यासारखा हात थोडा वर केला. "आणि माझ्या गोळ्यांचं काय?"

आई वळली. "म्हणजे तुम्हीही पीत होतात?"

"चव तर बघावी लागते ना."

आता

मी बरी झाले असं म्हणता येत नाही. हा आजार बरा होत नाही, सोबत राहतो. भीतीही राहते. ओठांना जरा काही वाटलं की हात पर्समध्ये जातो. ग्लुकोज आता स्कूटीत नाही, अंगावर असतं. एका शुक्रवारी ऑफिसच्या टेबलावर ते वाक्य मी दुसऱ्यांदा म्हटलं. कुणी काही फार बोललं नाही. एकीने फक्त विचारलं, "मग काय करायचं असतं, तुला काही झालं तर?" मी सांगितलं. दोघांनी फोनमध्ये लिहून घेतलं. आईने मध्यंतरी एका स्थळाला फोनवरच सगळं सांगून टाकलं. त्यांचा पुन्हा फोन आला नाही. दोन दिवसांनी आई म्हणाली, "बरं झालं, आधीच कळलं कसे आहेत ते."

पिंप अजून बाल्कनीत आहे. सध्या त्यात कपड्यांचे चिमटे असतात. बाबा अधूनमधून त्याच्याकडे बघतात.

त्या रसवंतीसमोरून मी रोज जाते, आणि आता तोंड फिरवत नाही. मी दिसले की रसवंतीवाले चरक थांबवतात, एक रिकामा ग्लास हातात उंच धरतात आणि नुसत्या भुवया उडवून विचारतात.

मी मान हलवते. आज नको.

ते ग्लास खाली ठेवतात, आणि घुंगरू पुन्हा सुरू होतात.